जेमफाइल.लॉक आणि प्लॅटफॉर्म: लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर अडतं

रुबी भाषेतल्या प्रोजेक्टांमध्ये लॅपटॉपवर होणारं इन्स्टॉल सर्व्हरवर अडणं, हा एकच बिघाड मी इतक्यांदा दुरुस्त केलाय की आता समोरच्याने स्क्रीनशॉट पाठवला की पहिली ओळ वाचूनच उत्तर टाइप करायला घेतो. तरी नवी टीम आली, कुणाचा लॅपटॉप बदलला, सर्व्हर हलवला, की तो परत येतोच. म्हणून एकदा क्रमाने लिहून ठेवतो. जेम म्हणजे रुबीचं तयार पॅकेज, आणि बंडलर म्हणजे ती जेम्स बसवणारं साधन. कोणती जेम्स हवीत ते जेमफाइलमध्ये असतं, आणि त्यांच्या नेमक्या आवृत्त्या जेमफाइल.लॉकमध्ये, म्हणजे लॉक फाइलमध्ये. कमांड आणि नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच ती रोमन अक्षरांत टाकायची.

लक्षणं

खालीलपैकी एखादं दिसत असेल तर पुढे वाचा.

- ‘युअर बंडल ओन्ली सपोर्ट्स प्लॅटफॉर्म्स आर्म६४-डार्विन-२२ बट युअर लोकल प्लॅटफॉर्म इज एक्स८६_६४-लिनक्स’ अशा धर्तीची एरर. आकडे वेगळे असतील, वाक्य हेच.
- लॅपटॉपवर ‘बंडल इन्स्टॉल’ बिनतक्रार होतं, पण सीआयवर (कोड आपोआप तपासणारी यंत्रणा) किंवा डॉकर बिल्डमध्ये (ॲपची कंटेनर इमेज बनवताना) तीच पायरी फेल होते. बऱ्याचदा कुणीतरी नुकतंच नवं जेम घातलेलं असतं किंवा लॉक फाइल नव्याने बनवलेली असते.
- ‘कुड नॉट फाइंड जेम्स मॅचिंग… व्हॅलिड फॉर ऑल रेझोल्यूशन प्लॅटफॉर्म्स’.
- कुणी काही बदललेलं नसतानाही लॉक फाइलमधला प्लॅटफॉर्मचा भाग प्रत्येकाच्या कमिटमध्ये हलतो आणि मर्ज करताना भांडणं लागतात.
- मिनिटात होणारं इन्स्टॉल अचानक खूप वेळ खायला लागतं, कारण नोकोगिरी किंवा जीआरपीसी हे जेम सर्व्हरवर कंपाइल व्हायला लागलेलं असतं.
- इन्स्टॉल होतं, पण ॲप सुरू होताना ‘कॅनॉट लोड सच फाइल’ किंवा ‘जीएलआयबीसी… नॉट फाउंड’ येतं (जीएलआयबीसी ही लिनक्सची मूलभूत सी लायब्ररी).

मुळात होतं काय

जेमफाइल.लॉकच्या शेवटाकडे ‘प्लॅटफॉर्म्स’ नावाचा छोटासा भाग असतो. जेमांच्या लांबलचक यादीखाली असल्यामुळे तिथवर सहसा कुणी जातच नाही. हे ॲप कोणकोणत्या मशीनवर बसवायचं आहे, त्याची ती यादी. नोकोगिरीसारखी काही जेम्स प्रत्येक मशीनसाठी आधीच कंपाइल करून ठेवलेली मिळतात: मॅकसाठी वेगळं, लिनक्ससाठी वेगळं, विंडोजसाठी वेगळं. यादीत जे मशीन असेल त्याच्याच जेमाची नोंद लॉक फाइलमध्ये होते. रेशनकार्डावर नाव नाही तर माणूस घरात राहत असूनही त्याचं धान्य मिळत नाही, तशातलाच प्रकार.

पूर्वी हा त्रास जवळपास नव्हता, कारण यादीत बहुतेक वेळा एकच शब्द असायचा: ‘रुबी’. म्हणजे कुठलंही मशीन असो, सोर्स घ्या आणि तिथेच कंपाइल करा. मग तीन गोष्टी पाठोपाठ आल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलचे एम१ चिपवाले मॅक आले. डिसेंबर २०२० मध्ये बंडलर २.२ आलं, आणि लॉक फाइल ज्या मशीनवर बनेल त्याच मशीनचं नेमकं नाव त्यात लिहिलं जाऊ लागलं. जानेवारी २०२१ मध्ये नोकोगिरी १.११ ने लिनक्स आणि मॅकसाठी तयार कंपाइल केलेली जेम्स द्यायला सुरुवात केली. तिन्ही बदल आपापल्या जागी चांगलेच आहेत. पण लॅपटॉप मॅकचे आणि सर्व्हर लिनक्सचा, अशा टीममध्ये ते एकत्र आले की ही एरर ठरलेली.

लॅपटॉपवर ती दिसत नाही, यालाही कारण आहे. नेहमीच्या मोडमध्ये बंडलरला यादीत तुमचं मशीन दिसलं नाही तर तो ते गुपचूप घालून पुढे जातो. सर्व्हरवर आणि सीआयवर ‘डिप्लॉयमेंट’ किंवा ‘फ्रोझन’ सेटिंग चालू असतं. तिथे लॉक फाइलला हात लावायची त्याला परवानगी नसते, म्हणून तो थांबतो. त्यामुळे ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे इथे खरंही असतं आणि निरुपयोगीही.

आधी काय करू नये

लॉक फाइल डिलीट करून नवी बनवू नका. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि एरर जाते हेही खरं, पण त्याबरोबर सगळ्या जेमांच्या आवृत्त्या जेमफाइल परवानगी देईल तितक्या पुढे सरकतात. प्लॅटफॉर्मची एक ओळ घालायची होती, आणि तुम्ही न तपासलेल्या पन्नास आवृत्त्या प्रॉडक्शनला पाठवल्या. वर नवी फाइल पुन्हा तुमच्याच लॅपटॉपवर बनली असेल तर यादीत परत एकटा तुमचाच लॅपटॉप.

फ्रोझन सेटिंग बंद करणं हाही तसाच उपाय. ते सेटिंग तुमच्याच भल्यासाठी आहे. ते बंद केलं की सर्व्हर लॉक फाइल स्वतःच्या मनाने बदलतो, आणि तो बदल गिटमध्ये कधीच येत नाही.

तपासणी १: एररमधली दोन नावं वाचा

याला पैसा लागत नाही आणि वेळही. एररमध्ये दोन बाजू असतात: यादीत काय आहे, आणि जिथे अडलं ते मशीन स्वतःला काय म्हणवतं. दुसरं नाव जसंच्या तसं टिपून घ्या. अंदाजाने लिहू नका, कारण ही नावं फसवी आहेत. एआरएम चिपच्या मॅकचं नाव ‘आर्म६४-डार्विन’. त्याच प्रकारच्या चिपवर लिनक्स असेल तर ‘एआर्च६४-लिनक्स’, रोमनमध्ये सुरुवातीला दोनदा ए. इंटेल किंवा एएमडीचा सर्व्हर बंडलरच्या भाषेत ‘एक्स८६_६४-लिनक्स’, पण डॉकर त्यालाच ‘लिनक्स/एएमडी६४’ म्हणतो. डॉकरचं नाव बंडलरला चालत नाही.

एरर हाताशी नसेल तर जिथे ॲप चालणार त्या मशीनवर ‘बंडल प्लॅटफॉर्म’ चालवा. डॉकर असेल तर कंटेनरच्या आत चालवा, बाहेर नाही. एम१ किंवा त्यानंतरच्या मॅकवर डॉकर इमेज बनवली की ती मुळात एआरएम लिनक्सची बनते, म्हणजे आत ‘एआर्च६४-लिनक्स’. सर्व्हर इंटेलचा असेल तर तिथे ‘एक्स८६_६४-लिनक्स’. अशा टीमला दोन्ही नावं लागतात, आणि नेमकं दुसरं विसरलं जातं.

मॅकवाल्यांसाठी अजून एक फसवणूक: टर्मिनल रोझेटाखाली (इंटेलचे प्रोग्रॅम नव्या मॅकवर चालवणारी ॲपलची सोय) चालू असेल तर एम१ मशीनही स्वतःला इंटेल म्हणवतं. ‘यूनेम -एम’ टाकून बघा. नवा मॅक असून उत्तर ‘एक्स८६_६४’ आलं, तर टर्मिनलच्या माहितीच्या खिडकीत ‘ओपन युझिंग रोझेटा’वरची खूण काढा. तेव्हा बसवलेली रुबीही इंटेलचीच असते, ती नव्याने बसवावी लागते. हा गोंधळ आधी निस्तरला नाही तर पुढच्या सगळ्या पायऱ्या चुकीच्या मशीनवर होतात.

तपासणी २: हरवलेलं नाव घाला

बहुतेक प्रकरणं इथेच संपतात. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये:

बंडल लॉक --ॲड-प्लॅटफॉर्म एक्स८६_६४-लिनक्स

ही कमांड काही इन्स्टॉल करत नाही, फक्त लॉक फाइल बदलते. म्हणून ती मॅकवर बसून लिनक्ससाठी बेलाशक चालवता येते. इंटरनेट मात्र हवं, कारण त्या प्लॅटफॉर्मची जेम्स आहेत का, हे ती रुबीजेम्सच्या सर्व्हरला विचारते.

आता कमिट करायच्या आधी ‘गिट डिफ’ नीट बघा. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण सगळा खेळ इथेच आहे. अपेक्षित बदल दोनच: प्लॅटफॉर्म्सच्या यादीत नवी ओळ, आणि काही जेमांच्या नावाखाली शेवटी ‘एक्स८६_६४-लिनक्स’ असलेल्या नव्या नोंदी. एखाद्या जेमाची आवृत्तीच बदललेली दिसली तर थांबा. त्याचा अर्थ, जुन्या आवृत्तीचं या प्लॅटफॉर्मवर जमत नव्हतं म्हणून बंडलरने दुसरी निवडली असू शकते. तो बदल वेगळ्या कमिटमध्ये, टेस्ट चालवून करा.

मग ढकला आणि बिल्ड बघा. हिरवा झाला तर इथून थेट शेवटून दुसऱ्या भागाकडे जा, नाहीतर पुढच्या महिन्यात परत भेट होईल.

तपासणी ३: सेटिंग कुणी बदलून ठेवलंय का

‘बंडल कॉन्फिग’ नुसतं चालवा. त्यात ‘फोर्स_रुबी_प्लॅटफॉर्म’ दिसलं तर सापडलं समजा. हे सेटिंग बंडलरला सांगतं की तयार जेम घेऊ नको, सोर्समधूनच बनव. कुणीतरी कधीतरी दुसऱ्याच अडचणीवर तोडगा म्हणून लावलेलं असतं आणि मग विसरलेलं असतं. ते चालू असताना यादीत ‘रुबी’ नसेल तर तुम्ही लिनक्सचं नाव कितीही नीट घाला, उपयोग होत नाही. वेळखाऊ इन्स्टॉलचं कारणही पुष्कळदा हेच निघतं.

सेटिंग तीन ठिकाणी लपतं: प्रोजेक्टमधल्या ‘.बंडल’ फोल्डरात, होम फोल्डरातल्या ‘.बंडल’मध्ये, आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये. तिसरी जागा सगळ्यांत वाईट, कारण ती सीआयच्या पॅनेलमध्ये असते आणि कोडमध्ये शोधून सापडत नाही.

एक नेहमीचा गैरसमज

जेमफाइलमध्येही ‘प्लॅटफॉर्म्स’ असं लिहिता येतं. नव्या रेल्स (रुबीतलं वेब फ्रेमवर्क) ॲपमध्ये ‘टीझेडइन्फो-डेटा’च्या ओळीवर ते असतंच: विंडोज आणि जेरुबीवरच (जावावर चालणारी रुबी) हे जेम घ्या. लोक इथे ‘लिनक्स’ घालायला बघतात आणि बंडलरने ते नाव नाकारलं की चक्रावतात. जेमफाइलमधलं प्लॅटफॉर्म्स म्हणजे अमुक जेम कुठे लागेल याची अट. लॉक फाइलमधलं प्लॅटफॉर्म्स म्हणजे अख्खं ॲप कुठे बसेल याची यादी. नाव एकच असलं तरी कामं वेगळी, आणि वरच्या एररचा संबंध दुसऱ्याशी आहे.

तपासणी ४: बंडलर आणि रुबीजेम्सची आवृत्ती

लॉक फाइलच्या अगदी शेवटी ‘बंडल्ड विथ’ खाली एक आकडा असतो. सर्व्हरवर ‘बंडल --व्हर्जन’ करून ताडून बघा. बंडलर २.३ पासून तो लॉक फाइलमधली आवृत्ती स्वतःच आणून वापरतो, पण सर्व्हरवरचा त्याहून जुना असेल तर ही सोय नाही.

मॅकच्या टीमला इथे एक खास फायदा आहे. यादीत ‘आर्म६४-डार्विन-२१’, ‘-२२’, ‘-२३’ अशी रांग लागली असेल, तर ती प्रत्येकाच्या मॅकओएसच्या आवृत्तीची आहे: २१ म्हणजे मॉन्टेरे, २२ म्हणजे व्हेंच्युरा, २३ म्हणजे सोनोमा. इतक्या नेमक्या नावांची सहसा गरज नसते. आकड्याविना ‘आर्म६४-डार्विन’ घाला आणि बाकीची ‘बंडल लॉक --रिमूव्ह-प्लॅटफॉर्म’ने काढा. बंडलर २.६ पासून हे झाडलोटीचं काम ‘बंडल लॉक --नॉर्मलाइझ-प्लॅटफॉर्म्स’ करून देतं. विंडोजवरही असाच बदल झालाय: रुबी ३.० पर्यंत ‘एक्स६४-मिंगडब्ल्यू३२’, ३.१ पासून ‘एक्स६४-मिंगडब्ल्यू-यूसीआरटी’. टीममधल्या विंडोजवाल्याने रुबी बदलली की यादीतलं त्याचं जुनं नाव निकामी होतं.

तपासणी ५: डॉकर इमेज अल्पाइनची आहे का

डॉकरफाइलच्या ‘फ्रॉम’ ओळीत ‘अल्पाइन’ शब्द शोधा. अल्पाइन लिनक्स नेहमीची जीएलआयबीसी न वापरता ‘मसल’ नावाची वेगळी सी लायब्ररी वापरतं. उबंटूसाठी कंपाइल केलेलं जेम तिथे चालेलच असं नाही. इन्स्टॉल झालं पण ॲप उठत नाही, अशा तक्रारींत मी ही ओळ सगळ्यांत आधी बघतो.

नोकोगिरी १.१८ पासून लिनक्सची जेम्स स्पष्टपणे दोन झाली आहेत: एक ‘जीएनयू’वालं, एक ‘मसल’वालं. अल्पाइन असेल तर यादीत ‘एक्स८६_६४-लिनक्स-मसल’ घाला. हा फरक ओळखायला रुबीजेम्स (रुबीसोबत येणारं, जेम्स बसवणारं मूळ साधन) ३.३.२२ किंवा त्यापुढचं लागतं. रुबी ३.२ सोबत ३.४ येतं, तिथे प्रश्न नाही; त्याआधीच्या रुबीवर ‘जेम --व्हर्जन’ बघा आणि जुनं असेल तर ‘जेम अपडेट --सिस्टम’ करा.

माझं मत विचाराल तर छोट्या टीमने रेल्ससाठी अल्पाइनच्या नादी लागू नये. इमेजचे वाचलेले काही मेगाबाइट या डोकेदुखीत सव्याज परत जातात. डेबियनची ‘स्लिम’ इमेज घ्या.

तपासणी ६: त्या मशीनसाठी जेमच नसेल तर

आता कठीण भाग. ‘व्हॅलिड फॉर ऑल रेझोल्यूशन प्लॅटफॉर्म्स’वाली एरर म्हणते की तुमच्या यादीतल्या प्रत्येक मशीनला चालेल अशी या जेमाची आवृत्ती मिळत नाही. इथे उलटा प्रश्न विचारायचा: यादीत नको असलेलं मशीन आहे का? एखाद्याने दोन वर्षांपूर्वी विंडोजवर प्रोजेक्ट उघडला, त्याचं नाव राहून गेलं, आणि आज ते सगळ्यांना अडवतंय, असं पुष्कळदा निघतं. काढून टाका.

‘रुबी’ हे नावही असंच अडवतं. सॉर्बे-स्टॅटिक या जेमाला सोर्सवालं रूपच नाही, फक्त कंपाइल केलेलं मिळतं. यादीत ‘रुबी’ आणि जेमफाइलमध्ये सॉर्बे, दोन्ही एकत्र नांदत नाहीत. आणखी एक हंगामी कारण: रुबीची नवी आवृत्ती दरवर्षी २५ डिसेंबरला येते. कंपाइल केलेल्या बऱ्याच जेमांवर ‘या रुबीपर्यंतच’ अशी मर्यादा असते, त्यामुळे जेम बनवणाऱ्यांनी नवं रूप काढेपर्यंत ती नव्या रुबीवर बसत नाहीत. जानेवारीत ही एरर दिसली तर थोडं थांबणं किंवा आधीच्या रुबीवर राहणं, हाच शहाणपणाचा मार्ग.

खरोखरच तयार जेम नसेल आणि सोर्स असेल, तर यादीत ‘रुबी’ घालून सर्व्हरवर कंपाइल करायचं. त्यासाठी उबंटू-डेबियनवर ‘बिल्ड-इसेन्शियल’, अल्पाइनवर ‘बिल्ड-बेस’, शिवाय त्या त्या जेमाला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची ‘-डेव्ह’ पॅकेजेस. कमी मेमरीच्या स्वस्त सर्व्हरवर जीआरपीसीसारखं जेम कंपाइल होताना मध्येच ‘किल्ड’ एवढा एकच शब्द येऊन थांबलं, तर जेमाला दोष देऊ नका, मेमरी संपलीय. तिथे कंपाइल करण्यापेक्षा इमेज सीआयवर बनवून तयारच पाठवा.

परत येऊ नये म्हणून

यादी ठरवून लिहा, आपोआप बनू देऊ नका. कोड कुठे लिहिला जातो यापेक्षा तो कुठे चालतो, सीआय कुठे चालते, इमेज कुठे बनते, हे आधी बघा. आमच्याकडे बहुतेक प्रोजेक्टांत तीनच नावं असतात: ‘आर्म६४-डार्विन’, ‘एआर्च६४-लिनक्स’, ‘एक्स८६_६४-लिनक्स’.

सीआयमध्ये, इन्स्टॉल करण्याआधी, एक छोटी पायरी घाला: फ्रोझन सेटिंग न लावता सर्व्हरच्या नावासह ‘बंडल लॉक --ॲड-प्लॅटफॉर्म’ चालवायचं आणि लगेच ‘गिट डिफ --एक्झिट-कोड’ लॉक फाइलवर. नाव आधीच असेल तर काही बदलत नाही. नसेल तर बिल्ड तिथेच पडतो, डिप्लॉयच्या रात्री नाही. आणि पुल रिक्वेस्टमध्ये प्लॅटफॉर्म्सची ओळ बदललेली दिसली तर का बदलली हे विचारायची सवय टीमला लावा.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

‘जीएलआयबीसी… नॉट फाउंड’ चालत्या प्रॉडक्शन सर्व्हरवर आलं तर जीएलआयबीसी हाताने अपडेट करू नका. त्या मशीनवरचं जवळपास सगळं तिच्यावर उभं असतं. चुकलं तर लॉगिनसुद्धा बंद होतं. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला सांगा. तो ऑपरेटिंग सिस्टम बदलायची की जेम जुनं ठेवायचं हे ठरवेल.

‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आली तर जेमफाइलमध्ये वेळ घालवू नका. अख्खी इमेजच दुसऱ्या चिपची बनली आहे. बिल्डची यंत्रणा ज्याच्या हाती आहे त्याचं ते काम.

कंपनीच्या आतलं, सी कोड असलेलं खासगी जेम अडत असेल, तर ते बनवणाऱ्या टीमनेच नव्या प्लॅटफॉर्मसाठी ते काढायला हवं. बाहेरून जुगाड केलेला चालतो तोवर चालतो. ॲप चालू असताना ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ने मरत असेल तरीही थांबा, विशेषतः पैशांचे व्यवहार चालणाऱ्या सर्व्हरवर.

बोलावताना नुसता एररचा स्क्रीनशॉट पाठवू नका. अडलेल्या मशीनवरचं ‘बंडल प्लॅटफॉर्म’, ‘बंडल कॉन्फिग’ आणि ‘रुबी --व्हर्जन’चं उत्तर, लॉक फाइलमधला प्लॅटफॉर्म्स आणि ‘बंडल्ड विथ’चा भाग, डॉकरफाइलची पहिली ओळ, आणि शेवटचा चालणारा कमिट, एवढं एका मेसेजमध्ये मजकूर म्हणून द्या. ‘बंडल कॉन्फिग’मध्ये खासगी जेम सर्व्हरचे पासवर्डही असू शकतात, ते आधी झाका.